मिरजगावची बाज

पुण्याहून नगरला जाणारी एस.टी. माणसांसाठी बनवलेली नसावी, हे माझं मत केडगाव येईपर्यंत पक्कं झालं. गुडघे पुढच्या बाकाला टेकलेले, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. नगरच्या स्टँडवरचा चहा बहुधा कालचा होता. तिथून मिरजगावपर्यंत कुसळं आणि दगड. पाहण्यासारखं काही असेल तर मला दिसलं नाही.

माझी धाकटी बहीण सुशी तिथं दिलेली. आमची आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. खेड्यातल्या लोकांचा भरवसा नको, म्हणून तिला जपा असं मी आधीच कार्ड टाकून बजावलं होतं.

सुशी सुंभाने विणलेल्या बाजेवर पडून होती. डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला. मला पाहून हसली आणि बरगडी धरून थांबली. दोन शब्दांनंतर तिला श्वास पुरेना. शेजारची एक बाई तिच्या पायाला तेल चोळत होती.

"वारं शिरलंय," ती म्हणाली. "चोळलं की उतरंल."

"डॉक्टरला दाखवलं का?" मी सुशीच्या सासूबाईंना विचारलं.

"न्हाई. धाप सकाळपास्नं लागली. तुमी येनार हुता, म्हनून थांबलो."

या अडाणीपणावर मी भरपूर बोललो. मग गावातली एकुलती एक जीप मिळवली, बाळ सुशीच्या जावेकडे दिलं आणि सुशीला सासूबाईंच्या मांडीवर निजवून नगरचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, छाती ऐकली, छातीचा फोटो काढायला लावला.

"पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. तिचा तुकडा फुफ्फुसात अडकलाय. पाय चोळायचाच नव्हता. रक्त गोठू न देणारं इंजेक्शन सुरू करते, पण जिवाला धोका आहे." मग त्यांनी विचारलं, "तीन आठवडे निजवून का ठेवली? दुसऱ्या दिवसापासून चालवली असती तर बहुधा टळलं असतं."

"यांनाच विचारा," मी सासूबाईंकडे बोट केलं.

सासूबाईंनी कनवटीचं कार्ड काढलं. "मी तिसऱ्या दिशी उठवत हुते. पन दादांनी लिवलं, म्हैनाभर भुईला पाय लावू द्यायचा न्हाई. शिकल्यालं मानूस. गुरुजींकडनं दोनदा वाचून घेतलं."

अक्षर माझंच होतं. 'भुईला पाय' या शब्दांखाली दोन रेघाही मीच मारल्या होत्या.

सुशी वाचली. आठ-दहा दिवसांनी सासूबाईंचा हात धरून व्हरांड्यात चालली. गोळ्या काही महिने घ्यायच्या, रक्त तपासायला येत राहायचं आणि पुढच्या बाळंतपणात आधीच डॉक्टरांना हे सांगायचं, असं ठरलं. मी निघालो तेव्हा सासूबाई फाटकापर्यंत आल्या.

"घरी नेल्यावं किती चालवू, दादा? तुमी सांगाल तसं करू."

"मला नका विचारू. डॉक्टरबाईंना विचारा," मी म्हणालो.

परतीच्या एस.टी.त मी गुडघे आखडून बसलो. माझ्या शब्दावर इतका विश्वास आजवर कुणी ठेवला नव्हता, आणि त्यानेच माझी बहीण गेली असती.