बाहुल्यांच्या गालावरचं काजळ

तेव्हा मी लहान होते. त्रेसष्ट वर्षांची. अक्कल यायची होती.

हे जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा-सून पुण्याला. जानेफळच्या घरात दिवसभरात माझं एकच वाक्य व्हायचं, तेही दूधवाल्याशी, "उद्या अर्धाच लिटर दे."

अशात गावातल्या एका ताईंनी टिनाच्या शेडमध्ये कापडी बाहुल्या शिवायचं काम सुरू केलं. माझ्या मुलाच्या लहानपणी मेहकरच्या बाजारात चावीचं माकड मिळायचं, तेसुद्धा परदेशातून आलेलं. आता म्हणे आपलीच खेळणी तिकडे जाऊन राहिली होती, आणि शहरातल्या एका कारखान्यानं त्यातलं थोडं काम आमच्या गावाला दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी चष्मा पुसून हजर. चार पैसे मिळतील म्हणून आले, असं सगळ्यांना सांगितलं. साफ खोटं. तिथे बारा बाया एकाच वेळी बोलायच्या, त्यासाठी गेले होते.

माझ्याकडे चेहरे आले. डोळे दोऱ्यानंच भरायचे, बटण लावायचं नाही, लेकरू गिळतं. हे मी नव्या बायांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायची.

पहिला माल खोक्यांत भरायचा होता त्या दुपारी सगळ्या चहाला गेल्या. मी मागे राहिले. दीडशे जणी ओळीनं बसलेल्या. निघाल्या होत्या समुद्रापार, परक्या घरी, आणि कोणी साधं गालबोटही लावलं नव्हतं! मुलाला पहिल्यांदा पुण्याच्या गाडीत बसवलं तेव्हा त्याच्यासुद्धा कानामागे मी काजळाचं बोट टेकवलं होतं. तो बावीस वर्षांचा होता, चिडला होता. या चिडणार नव्हत्या. पिशवीतून डबी काढली आणि एकेकीच्या डाव्या गालावर ठिपका देऊन तिला खोक्यात ठेवत गेले. स्वतःवर इतकी खूश झाले की घरी जाऊन शिरा केला. एकटीनंच खाल्ला.

आठवड्यानं माल तपासायला कारखान्याचे साहेब आले. आमच्याच भागातले होते. खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"बुरशी लागली ताई. पूर्ण मालाले."

"नाही हो साहेब, शेड कोरडं आहे आपलं."

"मंग हे काळं काय आहे? छत गळत असंन."

आणि मी, शहाणी, मधेच म्हणते, "पाऊस लईच झाला ना यंदा!"

साहेबांनी खोकं मिटलं. "अशा जागेत काम नाही देता येत आम्हाले. बंद करा हे शेड."

बारा बाया गप्प झाल्या. ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची होती. मी रोज तिच्यातून उठून इथे येत होते.

"साहेब," मी म्हटलं, "बुरशी नाही ते. काजळ आहे. मीच लावलं."

"काऊन?"

"लेकरांले नजर लागते ना बाप्पा!"

साहेबांनी एका गालावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत.

"आजी, पोट्टं पहिले बाहुलीचा गालच चोखते. हे पोटात गेलं तं?"

एक लेकरू वाढवलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं! मान खाली घातली. साहेबांनी आठ दिवस दिले. सगळे चेहरे उसवून नवे लावायचे, मग शेड चालू ठेवायचं की नाही ते बघू.

"काकू, हे आता तुम्हीच निस्तरायचं," ताई म्हणाल्या. "घरी बसून. इथं दुसरा माल चालू आहे."

टेम्पो माझ्या दारात रिकामा झाला. चेहरे उसवले, आणि पलंगावर, दिवाणावर, देवघरासमोर, जिकडे तिकडे बिनचेहऱ्याच्या पोरी. मी त्यांना रागावले, सुनेच्या चुगल्या सांगितल्या, जेवताना समोर चौघींना बसवलं. एकीला नकटं नाक झालं तर तिची माफी मागितली. शेवटच्या पन्नास जणींना मुद्दाम सावकाश शिवत होते, हे ताईंना अजून माहीत नाही.

नवव्या दिवशी टेम्पो आला. माल पास झाला, शेड राहिलं, मीही राहिले. चेहरे मात्र माझ्याकडून काढून घेतले. आता मी पोटात कापूस भरते. बाया तेवढ्याच मोठ्यानं बोलतात.

रविवारी शेडला कुलूप असतं. त्या दिवशी मी लवकर उठते, अंगण झाडते, स्वयंपाक उरकते, आणि घड्याळात पाहावं तर जेमतेम नऊ वाजलेले असतात.