माशांच्या पिल्लांची चौकशी

माझ्या वडिलांनी मला नाही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात नाही म्हणत नाहीत, "समितीले विचारू" म्हणतात. समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात माशांच्या पिल्लांवरच्या प्रकल्पात मला काम मिळालं होतं आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. भिलाईपासून समुद्र इतका लांब आहे की आमच्या सेक्टरमध्ये त्याच्याबद्दल कुणाला मत असायचं कारण नव्हतं. तरी सगळ्यांना होतं.

समिती म्हणजे आमच्या बुद्धविहाराची. रविवारी वंदना झाली की शिकलेल्या पोरांपैकी एकाने उभं राहून लहान मुलांना काहीतरी सांगायचं, असा रिवाज आहे. त्या रविवारी वडिलांनी माझं नाव दिलं. "काम काय हाय ते तिथंच सांग," ते म्हणाले. "अध्यक्षाले पटलं तं जा."

अध्यक्षकाका इथल्या स्टील प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झाले. ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही.

मी इंग्रजीत शिकले, हिंदीत भांडले आणि मराठी बोलले ती घरात, तीही जेवणापुरती. म्हणून कागदावर लिहून नेलं आणि मान खाली घालून वाचलं. मासा लाखांनी अंडी घालतो. पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटाला अन्नाची इवलीशी पिशवी असते, ती थोड्याच दिवसांत संपते. तोवर आजूबाजूच्या पाण्यात त्याच्या तोंडात मावतील असे सूक्ष्म जीव असावे लागतात. पाणी लवकर तापलं तर पिल्लं लवकर बाहेर येतात, पण त्यांचं खाणं तेव्हा तयार असेलच असं नाही. कधी वारा बदलतो आणि प्रवाह त्यांना भलतीकडेच नेतो. बहुतेक मरतात.

मुलं मोबाइल बघत होती. म्हातारे मात्र सावरून बसले.

"इतके मेले," अध्यक्षकाका म्हणाले, "शिफ्ट कोणाची होती?"

मला वाटलं गंमत करताहेत. कुणीच हसलं नाही.

"काका, समुद्रात शिफ्ट नसते."

"मंग कोणाच्या अंडरमध्ये चालून राहिलं हे?"

"कोणाच्याच नाही."

"पाहा," ते शेजारच्या काकांना म्हणाले, "तेच तं मी म्हणून राहिलो." ते तोवर काहीच म्हणाले नव्हते.

आमच्या विहारात पंखा बंद पडला तरी जबाबदार कोण हे आधी ठरतं, पंखा मागाहून दुरुस्त होतो. आता तर लाखोंची हानी झाली होती. रीतसर चौकशी सुरू झाली.

"मटेरियल लेट आलं, सिधी बात हाय," शेजारचे काका म्हणाले.

"मटेरियल टायमावरच होतं," मी म्हणाले. "पाणी आधी गरम झालं."

"पाणी आपल्या मनानं गरम होते का? कोणी केलं?"

यावर भट्टीजवळ नोकरी काढलेल्या सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिलं.

तेवढ्यात मागून एका काकूंनी विचारलं, "अन् त्याइची माय कुठं होती?"

"अंडी घालून निघून जाते," मी म्हणाले.

सभागृहात केवढा दिलासा पसरला. आरोपी सापडला होता. "माय घरी नसन तं असंच होईन." "आजकाल सगळीकडे हेच चालू हाय." पुढची दहा मिनिटं त्या मासळीला तिच्या गैरहजेरीत झापण्यात गेली. पोरीबाळींना दूर पाठवू नये, हा निष्कर्ष हाताच्या अंतरावर आला होता, आणि माझे वडील मान डोलवायला लागले होते.

मी कागद खाली ठेवला. "आई थांबली असती तरी काय करणार होती? पाण्यात खाणंच नव्हतं."

मान वर करून बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. अध्यक्षकाकांनी चष्मा काढला.

"तू पाह्यलं?"

"नाही."

"साइटवर गेली नाहीस अन् रिपोर्ट देऊन राहिली?"

मी कागद उचलून त्याची घडी घातली.

"असं नाही चालत, बेटा. आधी तिथं जा. पाण्याचं टेम्परेचर घे, रोजचं. वारा कोणत्या बाजूनं हाय ते लिह. मंग बोल."

हे माझ्या नेमणूकपत्रात जसंच्या तसं होतं. सांगायची मला काहीच घाई नव्हती.

"मंग पाठवू म्हणता?" वडिलांनी विचारलं.

"पाठवाच लागन. चौकशी अर्ध्यावर सोडता येते का?"

सोमवारी सकाळी मी होकार कळवला. माझ्या शिक्षणाखातर किंवा आवडीखातर मला कुणी सोडलं नाही. एका मासळीवरचा आरोप सिद्ध व्हायचा राहिला, म्हणून मी आज या किनाऱ्यावर आहे. दर रविवारी अध्यक्षकाकांचा फोन येतो. "काही पत्ता लागला?" ते विचारतात. मी आठवड्याचं पाण्याचं तापमान सांगते आणि ते, वाऱ्यासकट, लिहून घेतात.