माकणीच्या पेवात मुरलेली इटालियन वाइन

"पेव बुजवायलोय. तुझी बाटली ने बाबा," असा नागनाथचा माकणीहून फोन आला, तेव्हा कुठं मी पुण्यातून गाडी काढली.

दहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी दक्षिण इटलीला गेलो होतो. तिथल्या ज्वालामुखीच्या टेकड्यांवर अग्लियानिको नावाची काळी द्राक्षं होतात. त्यांची वाइन विकणारा म्हातारा म्हणाला, तीन वर्षांनी उघडा, पण दहा वर्षं कळ काढलीत तर मजा वेगळीच. पुण्याच्या फ्लॅटमध्ये थंड कोपरा कुठला? कॉलेजचा मित्र नागनाथ द्राक्षबागायतदार. त्याच्याकडं ज्वारी साठवायचं जमिनीतलं पेव रिकामं होतं. त्यात बाटली आडवी ठेवली. दोघांनी मिळून प्यायची, असं ठरलं. तीन वर्षांनंतर तो दर हंगामात विचारायचा, "काढू का?" मी आपला, "मुरू दे अजून!" खरं तर मला जायचाच कंटाळा.

सोलापूरपर्यंत रस्ता झकास. नळदुर्गला चहा-भजी खाऊन घ्या, पन्नास रुपयांत काम होतं. जळकोटहून लोहाऱ्याकडं वळलात की खड्डे सोडा, तुरीची शेतं बघा.

नागूनं सकाळीच पेवाचं तोंड उघडून ठेवलं होतं. आतली हवा चांगली आहे का बघायला आधी पेटता कंदील सोडला. ज्योत विझली नाही, तेव्हाच तो उतरला. बाटली वर आली, धुळीनं माखलेली, पण शाबूत.

सुमनवहिनींनी दोन स्टीलचे पेले आणले. नागूनं एक बाजूला सारला. "म्या न्हाय. कोरोनात वास गेला माझा, चव बी गेली. परत आलीच न्हाय."

द्राक्षाचा मणी चाखून गोडी सांगणारा माणूस! मला लाजच वाटली. "बोलला का नाहीस?"

"सांगून काय व्हतंय? तू पी अन् सांग मला."

मी घोट घेतला. "तुरट आहे. जांभळासारखी. मागून धुराचा वास येतो."

त्यानं डोळे मिटले. "धूर कसला? चुलीचा का पाचटाचा?"

पुन्हा घोट घेतला. "पाचटाचा. उसाच्या फडातला."

"व्हय?" तो खुलला. "लई ब्येस. अजून?"

तासभर मी पीत होतो, तो विचारत होता. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही चाखलं नव्हतं.

पुण्यात परतून आठवडा झाला. वाइन उत्तम मुरली, यात वाद नाही. पण ती नागूच्या जिभेला कधी कळलीच नाही, आणि ते माझ्या आळसामुळं. काल फोनवर तो एवढंच म्हणाला, "त्या पाचटाच्या वासाचं परत एकदा सांग की."