सारिकाचा हार

शिरगावच्या साईमंदिरासमोर रतनबाईचं हारांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, वर ताडपत्री आणि मागे रतनबाईची जीभ. तिचा हार दोन दिवस टांगून ठेवला तरी त्यातलं एक फूल हलत नाही अशी ख्याती आहे. रतनबाईसमोर हलायची हिंमत करणार तरी कोण? लेक सारिका सहा वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसून गाठी मारायला शिकली. गाठ सैल पडली की आई हार तिच्या पुढ्यात टाकायची. "ह्ये काय बांदलंय? फुलं म्हंजी काय वासरं हायत व्हय, मोकळी सोडायला?"

ही सारिका पुढं आयटीआय झाली आणि वडगाव मावळच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून असलेल्या एका पांढऱ्या, बिनखिडक्यांच्या इमारतीत नोकरीला लागली. तिथं पाचपन्नास दवाखान्यांचे एक्स-रे आणि केसपेपर साठवलेले असतात. माहिती ज्यांत साठते त्या डिस्क एका कपाटात, ती मागणारे सर्व्हर दुसऱ्या कपाटात, आणि मध्ये फिरोजी रंगाच्या केबली. केबलीच्या पोटात केसाएवढी काच, आणि त्या काचेतून प्रकाश धावतो. या सगळ्या गोतावळ्याला स्टोरेज नेटवर्क असं भारदस्त नाव आहे. केबली ओढणं, त्यांची टोकं पुसणं, त्या बांधणं हे सारिकाचं खातं.

आणि बांधायला बसली की ती रतनबाईची लेक. डिस्कच्या कपाटामागं साठ केबलींचा जुडगा तिनं असा बांधला होता, की चार-चार बोटांवर गाठ आणि एक केबल इकडची तिकडं नाही. लोक त्याला 'सारिकाचा हार' म्हणत. पाहुणे आले की रुपाली मॅडम, म्हणजे तिथल्या मुख्य बाई, त्यांना आधी तो हार दाखवायच्या. पाहुणे फोटो काढायचे. सारिका "त्यात काय एवढं" म्हणायची आणि फोटोत यायला दोन पावलं पुढं सरकायची.

गेल्या श्रावणात या नेटवर्कला दुखणं लागलं. सकाळी दहापर्यंत सगळं ठणठणीत, दहा वाजून गेले की सगळं लंगडायचं. कुठल्याशा गावचा डॉक्टर एक्स-रे उघडायला बटण दाबायचा आणि तो उघडेपर्यंत चहा पिऊन कप विसळून ठेवायचा. पुण्याहून कंपनीचे इंजिनियर अतुल सर धावत यायचे, कपाटाचं मागचं दार उघडून आत डोकावायचे, आणि सगळं सुरळीत! डॉक्टर दिसला की शाळा बुडवणाऱ्या पोराची पोटदुखी पळते, तशातली गत. दुसऱ्या दिवशी दहा वाजले की पुन्हा रडगाणं.

अतुल सरांनी साप साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली. प्रकाश फेकणारी डबी बदलली, त्याच दिवशी पोर्ट बदलला, त्याच दिवशी सॉफ्टवेअरही बदललं.

"सर, एका वेळी एकच बदला," सारिका म्हणाली. "नाहीतर बरं झालं तरी कशानं झालं ते कळायचं नाही."

"तू टोकं पूस," सर म्हणाले.

तिनं पुसली. एकेक टोक भिंगाखाली धरलं, कारण त्या काचेवर धुळीचा कण बसला तरी प्रकाश अडतो. सगळं तपासलं. एक हार तेवढा तपासला नाही. स्वतःच्या आईला ओळखपत्र कोण मागतं?

शेवटी अतुल सरांनी नोंदी काढल्या आणि टेबलावर थाप मारली. बिघाड रोज दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा, आणि रोज बरोबर दहाला खोलीत कोण शिरायचं? सावळा. पोचारा मारायला.

सावळा डोंगरावरच्या ठाकरवाडीतला, साठीला टेकलेला माणूस. वाडी उतरून, लोकल धरून पाच वर्षं येत होता आणि कधी पाच मिनिटं उशीर नाही. अतुल सरांनी अहवाल लिहिला : सफाई कामगाराच्या पोचाऱ्याचा केबलीला धक्का बसतो. शनिवारी दुपारी त्यावर सह्या होणार होत्या, आणि सह्या झाल्या की सावळाचं काम सुटणार होतं. तोवर त्याला घरी बसायला सांगितलं.

"मी केबलीला हात बी लावत न्हाई सायेब," तो म्हणाला. "पुसतो आन दार लावतो." पण अहवाल छापून झाला होता, आणि छापलेल्या कागदाशी वाद घालणाऱ्या माणसाचं ऐकून घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

सावळा गेला आणि पुढचे दोन दिवस बिघाडाचं नाव नाही. अतुल सर शीळ घालत फिरू लागले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे सारिकाला मनातून वाटत होतं, पण वाटण्याला नोंदवहीत रकाना नसतो.

शुक्रवारी खोलीत इतकी धूळ झाली की तिनं स्वतःच पोचारा हातात घेतला. फरशी पुसत ती डिस्कच्या कपाटामागं आली. अतुल सरांनी मंगळवारी उघडलेलं दार अजून सताड उघडं होतं. शेजारी भिंतीवर पाटी : दार बंद ठेवा. तिनं दार ढकललं. ते जरा जड गेलं, तेव्हा कमरेनं रेटून लावलं.

दहा मिनिटांत फोन वाजला. एक्स-रे उघडत नव्हता, आणि या खेपेला पोचारा सारिकाच्या हातात होता.

तिनं दार उघडलं. पडद्यावरचा चुकांचा आकडा थांबला. दार लावलं, आकडा पळायला लागला. पुन्हा उघडलं, थांबला. जिच्यावर चुका येत होत्या ती केबल तिनं काढली, काम दुसऱ्या वाटेनं चालू ठेवलं, आणि केबलीच्या टोकाला लाल प्रकाशाचं पेन लावलं. खोलीतले दिवे घालवले. दार अर्धवट लोटून फटीतून आत पाहिलं.

अंधारात, तिच्या सातव्या गाठीशी, लाल ठिपका चमकत होता. गाठ इतकी करकचून होती की जुडगा तिथं ताठ फुगून राहिला होता. दार लागलं की तो दाबला जायचा, आतली काच वाकायची आणि प्रकाश तिथूनच बाहेर सांडायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालताना बिचारा सावळा तुडवला गेला होता.

तिनं गाठी कापल्या, सैल पट्ट्या बांधल्या, केबल परत जोडली. दार लावलं. आकडा हलला नाही.

आता गंमत बघा. ती गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. सावळा गेला, दुखणं गेलं, अतुल सर खूश. वर मुख्य तंत्रज्ञाच्या जागेसाठी तिचंच नाव चाललेलं. ती पाच मिनिटं ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. तिला लाज वाटली, आणि लाज वाटायला पाच मिनिटं लागली याची आणखी वाटली. मग कापलेल्या गाठी मुठीत घेऊन ती रुपाली मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि तिथं अतुल सरांसमोरच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सारिकाचा हार नव्हे, सारिकाची हार!" अतुल सर हसले. आपल्याच विनोदावर एकटेच हसले.

"हे आपल्यातच ठेवू," मॅडम म्हणाल्या. "सावळाला परत बोलावलं की झालं."

"नाही मॅडम. अहवालात लिहा. बांधणी माझी, चूक माझी." मॅडमनी सावळाचं नाव खोडलं आणि तिचं घातलं.

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. रतनबाईनं हातातलं फूल खाली ठेवलं. "मी गाठ मारायला शिकिवलं, गळा आवळायला न्हाई. गाठ दोऱ्याला असती, फुलाला न्हाई. इतकी वर्सं माज्या शेजारी बसून काय बगितलंस?"

शनिवारी सकाळी सारिका ठाकरवाडीची चढण चढली. सावळा नाचणीतलं गवत काढत होता. ती बांधावर बसली आणि सगळं सांगितलं. "आबा, चूक माझी व्हती. तुमचं नाव खोडलंय."

सावळानं मूठभर गवत उपटून बाजूला टाकलं. "मंग आता कागदावर मी कुटं हाय?"

"कुटंच न्हाई."

"कुटंच न्हाई," तो म्हणाला आणि पुन्हा गवताला लागला. सारिकाला वाटलं, रागावला; आणि रागावणं त्याच्या हक्काचं होतं. मग तो कंबर सरळ करून उभा राहिला.

"पोरी, त्या भितीवर लिवलंय, दार बंद ठिवा. मला वाचता येत न्हाई. गेटवरच्या राजेंद्रनं वाचून दावलं व्हतं, पयल्याच दिशी. तवापून मी येक दिस चुकलो न्हाई. तुमी समदी शिकलेली मान्सं, दार उगडं टाकून जायाची. म्या लावायचो. चुकीचं लिवाय कागद हुता, मंग ह्ये बी लिव की."

सारिका उठली. तिनं फोन काढला. रेंज मिळेना म्हणून बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि मॅडमना लिहिलं : सही व्हायच्या आधी अहवालात ही ओळ घाला. खाली ओळ लिहिली. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "घातली."

"काय लिवलंस? वाच," सावळा म्हणाला.

"'कपाटाचं दार नियमाप्रमाणे रोज न चुकता बंद करणारे या इमारतीत एकच कर्मचारी आहेत : सावळा धोंडू आगिवले.'"

"परत वाच."

तिनं परत वाचलं. सावळानं हात धोतराला पुसले, झोपडीकडं तोंड केलं आणि बायकोला हाक मारली, "अगं बाया, त्ये ऱ्हाऊ दे. हिकडं ये आदी."

बायको पिठाच्या हातानं बाहेर आली आणि सावळाशेजारी येऊन उभी राहिली. सारिकानं तिसऱ्यांदा वाचलं.