पाठीवर पंधरा किलो गहू
दळणाच्या डब्यात हात घातला की गव्हाच्या वासाबरोबर मला नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवतो. मी बावीस वर्षांची होते आणि हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानात पाठीवर बॅग घेऊन एकटीने आठ दिवस भटकायचं ठरवलं होतं. मुक्काम, वाटा, सामान, सगळं वहीत लिहून झालं होतं. फक्त वडिलांचा होकार नव्हता. ते म्हणाले, "तेवढं वजन घेऊन पांडवलेणी चढून दाखव, मग बोलू." आईने बॅगेत पंधरा किलो गहू भरून दिले. पायऱ्या चढताना खांदे भरून आले, पण मागून वडील येत होते म्हणून मी थांबले नाही. वाटेत पेरू विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "लय जड दिसतंय, काय हाय त्यात?" "गहू," मी म्हणाले. "मग वर गिरणी हाय का?" त्या हसल्या, आणि मागे वडीलही हसले. घरी आल्यावर त्यांनी आपणहून नकाशा जमिनीवर पसरला, चष्मा लावला आणि विचारलं, "पहिला मुक्काम कुठे?" त्या डोंगरांतलं पुष्कळ काही आता विसरले आहे, नकाशावर सावकाश सरकणारं त्यांचं बोट मात्र अजून दिसतं.