शनिवारचा जळका वास

आमच्या घरात गाडी चालवता येणारी मी एकटीच होते, आणि गाडीबद्दल मत नसलेलीही मी एकटीच.

उदारीकरण आलं आणि अंबरपेठच्या आमच्या गल्लीत, जिथे स्कूटर आली तरी पेढे वाटायचे, तिथे भराभर मोटारी उभ्या राहायला लागल्या. आम्हीही एक जुनी डबा गाडी घेतली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं, त्यामुळे उन्हाळ्यात आपण गाडी चालवतोय की चुलीवर बसलोय ते कळायचं नाही. आमचे हे दोन दिवस ड्रायव्हिंग शिकायला गेले, तिसऱ्या दिवशी भाजीच्या हातगाडीत घुसले आणि "या गावात लोक रस्त्यावर फार असतात" असं म्हणून कायमचे घरी बसले. मी मात्र चिकाटीनं शिकले. शाळेत पोरांपुढे दिवसभर घसा फोडून आल्यावर ती किल्ली हातात घेतली की अंगात वारं शिरायचं. त्या किल्लीसाठी मी कुणाशीही भांडले असते.

आणि मग गाडीतून जळक्या तेलाचा वास यायला लागला.

"तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस," हे म्हणाले.

"क्लच जळला तर तेलाचा वास कसा येईल?"

"मग तू तेल जाळतेस!"

शेजारचे रेड्डीगारू चहाला आले होते. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला (गाडी अंगणात, ते दिवाणखान्यात!) आणि निकाल दिला, "मॅडम, इंजिन गेलं. लेडीज ड्रायव्हिंगला इंजिन टिकत नाही." सासूबाई तेवढ्या गप्प होत्या. एरवी आमटीत मीठ चिमूटभर चुकलं तरी बोलणाऱ्या बाई! त्या माझी बाजू घेतायत असं वाटून मी त्यांना पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं.

मग गाडी दिलसुखनगरच्या याकूबभाई मेकॅनिककडे नेली. त्यानं सीट उचलली, बॅटरी मारून सगळीकडे पाहिलं. "इंजिन तो एकदम सूखा है मॅडम." तेल मोजायची काठी बाहेर काढून दाखवली. तेल जागच्या जागी! पण आलेल्या गिऱ्हाइकाला तसंच कसं परत पाठवायचं, म्हणून त्यानं इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. पुढचे काही दिवस गाडीला वासाचं नाव नाही. मी घरात अशी मिरवत होते की जणू पॅकिंग मीच बसवलं होतं. शनिवारी संध्याकाळी वास परत हजर!

"आता बास," हे म्हणाले. "पुढच्या सोमवारपासून ड्रायव्हर येईल. किल्ली त्याच्याकडे."

पोळ्या लाटता लाटता मी डोकं चालवायला लागले. इंजिनाचं तेल कमी होत नाही, मग जळतंय कुणाचं? आणि आठवून पाहिलं तर आधीही वास शनिवारीच यायचा, तो का? इंजिनाला वार कळतो?

दर शनिवारी मी सासूबाईंना मारुतीच्या देवळात घेऊन जायची. ड्रायव्हर यायच्या आधीच्या शनिवारी निघण्यापूर्वी मी सीट उचलली आणि जुन्या साडीच्या बोळ्यानं इंजिन लख्ख पुसून काढलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, नेहमीसारख्या मारुतीच्या तेलाची पितळी वाटी मांडीवर घेऊन, वर रुईचं पान झाकून शेजारी बसल्या. चौकात एक ऑटो आडवा आला. मी कचकन ब्रेक मारला, ऑटोवाल्याला "आँखां घर पे रख के आए क्या?" विचारून घेतलं, आणि पुढे निघते न निघते तोच वास!

"आई, उतरा!"

गाडी कडेला घेऊन मी सीट उचलली. तापलेल्या नळीवर तेल चुरचुरत होतं. बाजूचा एक थेंब बोटावर घेऊन हुंगला. शेंगदाण्याचं गोडंतेल! मी वळून पाहिलं. आई फुटपाथवर उभ्या होत्या. एका हातात अर्धी वाटी, दुसऱ्या मुठीत लपवलेला तेलकट पदर.

"आई, दर शनिवारी हे सांडतं?"

"दर शनिवारी कशाला सांडेल? तू ब्रेक मारतेस तेव्हा सांडतं."

"अहो, मग बोलला का नाहीत? माझी किल्ली चालली होती!"

"बोलले असते तर दिलीप म्हणाला असता, बघा, हिला धड ब्रेकसुद्धा मारता येत नाही. ड्रायव्हर तेव्हाच आला असता." त्यांनी हातातली वाटी सावरली. "आणि तो मला देवळाशी उतरवून हॉर्न वाजवत बसेल. तू कट्ट्यावर बसतेस माझ्याजवळ. आठवड्यातून तेवढंच कुणीतरी निवांत बोलतं गं माझ्याशी."

मला एकदम भरून आलं. मी त्या तासाला देवळाची ड्यूटी समजत होते, आणि त्या आठवडाभर त्याचीच वाट बघत होत्या. भर रस्त्यात सीट उघडी टाकून सासू-सुना डोळे पुसत उभ्या! एका रिक्षावाल्याला वाटलं अपघातच झाला. "क्या हुआ अम्मा?"

"कुछ नहीं हुआ, जाव!" आम्ही दोघी एका सुरात ओरडलो.

घरी हे दारातच उभे. "काय निघालं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "माझंच तेल सांडत होतं. हात कापतो रे हल्ली. तिच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवू नकोस." (हात कापतो! या बाई सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायच्या!) यांचा चेहरा पडला आणि ड्रायव्हर रद्द झाला. मी शहाण्यासारखी किल्ली पर्समध्ये टाकली.

पुढच्या शनिवारी आई निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात वाटी नव्हती. ट्रंकेच्या तळातून काढलेला, घासून चकचकीत केलेला फिरकीच्या झाकणाचा तांब्या होता.

"आई, हे कशाला? आता मी ब्रेक हळू मारते की!"

"मारशील गं, मारशील," त्या मायेनं म्हणाल्या, आणि तांब्याची फिरकी आणखी एक वेढा आवळली.