हाताआडचं हसू

मी खोटं लिहिलं होतं. ‘निष्कर्ष सहभागींना वाचून दाखवले व त्यांना ते पटले,’ हे माझ्या प्रबंधातलं वाक्य. प्रत्यक्षात मी ते कुणालाच वाचून दाखवले नव्हते.

पन्नाशीला टेकल्यावर मी मानसशास्त्रात एम.ए. करायला घेतलं. विषय निवडला इंद्रलोक सोसायटीच्या बागेतला हास्यक्लब. तिथल्या एक काकू हसताना कायम तोंडावर हात धरायच्या. त्या हातावर मी अख्खं प्रकरण रचलं: सून विचारत नाही, ते दुःख काकू हाताआड लपवतात.

मार्गदर्शक मॅडमना ते आवडलं. “पण काकूंना दाखवलंत ना? अशा अभ्यासात आकडे नसतात. ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांनाच विचारायचं, बरोबर आहे का म्हणून.”

मी “हो” म्हटलं. मग घरी तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

शेवटी पानं घेऊन बागेत गेलो. सगळ्यांसमोर वाचू लागलो. ‘हाताआड लपवलेलं दुःख’ आलं आणि काकूंचा हात तोंडावर गेला.

“अरे मेल्या, कवळी आहे ती! सैल बसते. जोरात हसले की बाहेर येते.”

“एक बार तो मेरी चप्पल पे गिरी थी!” शेजारचे गुजराती काका ओरडले.

अख्खा क्लब हसत सुटला. शिकवलेलं हो-हो, हा-हा नव्हे, खरंखुरं. काका बाकावरून घसरले. मीही पोट धरून गवतावर बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

काकू आधी थांबल्या. “आणि सुनेचं रे काय लिहिलंस? दातांच्या डॉक्टरकडे रजा काढून तीच नेते मला. तिनं हे वाचलं, तर मी इथे येऊन तिच्या चुगल्या करते असं नाही वाटणार तिला?”

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. कवळीचं सगळं सांगितलं. खोटं बोललो, म्हटलं. ते प्रकरण काढतोय.

“काढू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कसे चुकलात तेही लिहा. आता कुठे त्यावर विश्वास बसेल.”

काकूंची माफी मागायला वळलो, तर त्या म्हणाल्या, “माझी नको. वर घरी चल.”

दार सुनेनं उघडलं, हाताला कणीक. मला अजून हसूही आवरत नव्हतं आणि रडूही.

“वहिनी, तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही सासूबाईंना विचारत नाही, असं मी न भेटताच लिहिलं. चुकलो. माफ करा.”